कुओमोसाहेबांचं कमबॅक नेमकं अडकलं कुठे?

२०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक झाली तेव्हा आपल्याकडे सगळी चर्चा झोहरान ममदानीची होती. सिनेदिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा, युगांडातल्या कंपालात जन्मलेला, ३४ वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कचा महापौर झाला म्हटल्यावर चर्चा होणारच. पण मला विचाराल तर त्या निवडणुकीत जो हरला ना, त्याची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. अँड्र्यू कुओमो. बदनाम होऊन खुर्ची सोडलेला, पण नाव, पैसा, ओळखी सगळं शाबूत असलेला नेता. आपल्याकडे असा माणूस चार वर्षं गप्प बसला की पुन्हा बॅनरवर दिसायला लागतो आणि कुणाला फार आश्चर्यही वाटत नाही. न्यूयॉर्कमध्येही तो आला, जवळजवळ सगळ्या मोठ्या लोकांनी त्याला परत घ्यायची तयारीही दाखवली, आणि तरी गाडी अडकली. ती का अडकली हे समजून घ्यायचं तर तिथल्या पार्टीचं तिकीट कसं मिळतं ते बघावं लागतं, कारण खरी मेख तिथे आहे.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. वडील मारिओ कुओमो न्यूयॉर्क राज्याचे तीन टर्म गव्हर्नर, म्हणजे साधारण आपला मुख्यमंत्री म्हणा. मुलगा अँड्र्यू आधी राज्याचा अटर्नी जनरल, म्हणजे सर्वात मोठा सरकारी वकील, झाला आणि २०११ पासून गव्हर्नर, त्याच्याही तीन निवडणुका जिंकून झाल्या. २०२० च्या कोविडमध्ये तर हे साहेब रोज टीव्हीवर प्रेस कॉन्फरन्स घ्यायचे, लोक घरात बसून बघायचे, त्या प्रेस कॉन्फरन्ससाठी त्यांना एमी अवॉर्डसुद्धा मिळालं (नंतर काढून घेतलं), कोविडवरच्या पुस्तकाचा ५० लाख डॉलरच्या वरचा करार झाला. आणि मग वर्षभरात सगळं कोसळलं. जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या अटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांचा एक रिपोर्ट आला की नर्सिंग होममधल्या कोविड मृत्यूंचा आकडा सरकारने ५० टक्क्यांपर्यंत कमी दाखवलेला असू शकतो. मार्च २०२० मध्ये सरकारनेच आदेश काढला होता की केवळ कोविड आहे म्हणून नर्सिंग होमने पेशंट नाकारायचा नाही, त्यामुळे हे प्रकरण लोकांच्या जिव्हारी लागलं, कित्येकांचे आईवडील त्यात गेले होते. आणि ३ ऑगस्ट २०२१ ला दुसरा रिपोर्ट आला, कुओमोंनी ११ महिलांचा लैंगिक छळ केला असा निष्कर्ष काढणारा. कुओमो आरोप नाकारत राहिले, आजही नाकारतात, पण त्यांच्याच डेमोक्रॅटिक पार्टीचे राष्ट्राध्यक्ष बायडेनसुद्धा म्हणाले की राजीनामा द्या. १० ऑगस्टला राजीनामा जाहीर झाला आणि दोन आठवड्यांनी त्यांच्या डेप्युटी कॅथी होकुल गव्हर्नर झाल्या.

आता पहिला प्रश्न, असा माणूस परत उभा राहूच कसा शकतो? सरळ उत्तर, त्याला कुणी अडवलेलंच नव्हतं. आपल्याकडे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधी कायद्याने माणूस अपात्र होतो, पण कुओमोंच्या बाबतीत कुठल्या कोर्टात गुन्हाच सिद्ध झाला नाही, वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांनी केसेस पुढे नेल्या नाहीत. महाभियोग होण्याआधी त्यांनी स्वतःच राजीनामा दिला, आणि राजकारणात राजीनाम्याचा हाच तर फायदा असतो, दार आपण स्वतः लावून घेतलं की किल्लीही आपल्याच खिशात राहते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने राज्य सरकारशी समझोता केला, त्यात कुओमोंच्या काळात किमान १३ महिला कर्मचाऱ्यांना त्रासदायक वातावरणात काम करावं लागलं असं नोंदवलं गेलं. तरी निवडणूक लढवायला कायद्याची आडकाठी शून्य.

आणि जागाही रिकामी झाल्यासारखीच होती. तेव्हाचे महापौर एरिक अॅडम्स यांच्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये लाचखोरीचा केंद्रीय गुन्हा दाखल झाला, परदेशी लोकांकडून फुकट विमानप्रवास, अपग्रेड वगैरे भानगडी. मग ट्रम्प सरकार आलं आणि न्याय खात्यानेच केस मागे घ्यायला सांगितलं, त्यावरून न्यूयॉर्कच्या प्रमुख सरकारी वकिलांनी राजीनामा दिला, शेवटी एप्रिल २०२५ मध्ये जजने केस कायमची बंद केली. अॅडम्स सुटले खरे, पण डेमोक्रॅटिक मतदाराच्या मनातून उतरले. म्हणजे बघा, विद्यमान महापौरच डागाळलेला, त्यामुळे माजी गव्हर्नरचा डाग तितकासा उठून दिसेना. १ मार्च २०२५ ला कुओमोंनी व्हिडिओ टाकून उमेदवारी जाहीर केली. शहर संकटात आहे, मला अनुभव आहे, मी सांभाळतो, हा एकूण सूर. सर्व्हेमध्ये पहिल्या दिवसापासून पहिला नंबर.

यापुढचा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो. ज्यांनी २०२१ मध्ये राजीनामा मागितला होता तेच एकेक करून परत यायला लागले. युनियनवाले आले, अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, खासदार आले, आणि कळस म्हणजे जेसिका रामोस. ह्या राज्याच्या सेनेटर, स्वतः महापौरपदाच्या उमेदवार, कुओमोंच्या जुन्या टीकाकार, प्रचारात त्यांच्या मानसिक तरतरीवरसुद्धा शंका घेतलेल्या. आणि ६ जूनला ह्या बाईंनी कुओमोंच्या शेजारी उभं राहून त्यांना पाठिंबा दिला, तोही स्वतःचं नाव मतपत्रिकेवर तसंच ठेवून! कुओमोंनी उलट पाठिंबा दिला का? नाही. असं का होतं तर नेते लोक जिंकणारा घोडा बघतात. उद्या हाच महापौर झाला तर त्याच्या दारात उभं राहावं लागेल, त्यापेक्षा आजच जाऊन बसलेलं बरं. त्यात कुओमो डूख धरणारा माणूस म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे तर घाई जास्तच.

आपल्याकडे असतं तर गोष्ट इथेच संपली असती. श्रेष्ठींनी ठरवलं, शेवटच्या दिवशी तीन वाजायच्या आत एबी फॉर्म हातात पडला, विषय कट. न्यूयॉर्कमध्ये एबी फॉर्म देणारं कुणी नाही. पार्टीचा उमेदवार कोण हे ठरवायला पार्टीच्या नोंदणीकृत मतदारांचीच आधी एक निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात, आणि ती सरकारी यंत्रणाच घेते, खऱ्या मतदान केंद्रांवर. नोंदणीकृत म्हणजे पार्टीचे पदाधिकारी नव्हेत हां, साधा माणूस मतदार म्हणून नाव घालताना फॉर्मवर पार्टी निवडतो, तो झाला त्या पार्टीचा मतदार. शहरात असे डेमोक्रॅट तीस लाखांवर, रिपब्लिकन पाच-साडेपाच लाख. म्हणून तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक बहुतेक वेळा नुसती औपचारिकता असते.

आणि ही प्रायमरी बंद असते, दुसऱ्या पार्टीच्या किंवा कुठल्याच पार्टीच्या नसलेल्या मतदाराला तिथे मत नाही. पार्टी बदलायचीच असेल तर १४ फेब्रुवारीच्या आत बदलावी लागते. कुओमोंची उमेदवारी आली १ मार्चला, म्हणजे त्यांना बघून कुणी मध्यममार्गी माणूस डेमोक्रॅट व्हायला निघाला असता तरी मुदत गेलेली. नवीन मतदार मात्र जूनच्या मध्यापर्यंत नाव घालू शकत होता, आणि हे नवीन मतदार कोण असतात? तरुण पोरं, भाड्याने राहणारी, नुकतीच शहरात आलेली. ती कुणाच्या मागे होती ते सांगायला नको.

एकेकाळी न्यूयॉर्कमध्येही सगळं बॉसच ठरवायचे, टॅमनी हॉल नावाचं डेमोक्रॅटिक पार्टीचं यंत्र तर जगप्रसिद्ध आहे, नोकऱ्या द्यायच्या, कोळसा द्यायचा, मयताला जायचं आणि मतं घ्यायची. त्याला वैतागूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रायमरी आल्या. जिल्ह्याचे पार्टी अध्यक्ष आजही आहेत, पोटनिवडणुकीत आमदारकीचा उमेदवार ते ठरवतात, खालच्या कोर्टांच्या जजच्या निवडणुकीतही त्यांचा शब्द चालतो, पण महापौराच्या प्रायमरीत ते फार तर पाठिंबा जाहीर करू शकतात.

मग पैसा. कुओमोंच्या बाजूने फिक्स द सिटी नावाचा सुपर पॅक होता. सुपर पॅक म्हणजे उमेदवारापासून कागदोपत्री वेगळी संस्था, तिला कितीही देणगी घेता येते आणि कितीही खर्च करता येतो, अट एकच, उमेदवाराशी संगनमत नको. या पॅकने साधारण अडीच कोटी डॉलर जमवले, त्यातले ८० लाखांवर एकट्या मायकेल ब्लूमबर्ग यांचे, जे स्वतः माजी महापौर आहेत. समोरच्या बाजूला शहराची मॅचिंग फंड योजना, आणि ही खरंच भारी आहे. शहरातल्या रहिवाशाने महापौरपदाच्या उमेदवाराला दिलेल्या पहिल्या २५० डॉलरवर शहर आठपट भर घालतं, म्हणजे कुणी २५० दिले तर शहराकडून २,००० मिळतात. बदल्यात उमेदवाराने खर्चाची मर्यादा पाळायची, प्रायमरीसाठी ती साधारण ८० लाख डॉलर होती. ममदानीकडे छोट्या देणग्या इतक्या आल्या की मार्चमध्येच त्याने व्हिडिओ करून सांगितलं की बाबांनो, आता पैसे पाठवू नका, मर्यादा गाठली, त्यापेक्षा दारोदार फिरायला या. आणि कुओमोंचं काय, तर कागदपत्रं नीट न भरल्यामुळे एप्रिलमध्ये त्यांना मॅचिंग फंड मिळालाच नाही, मग मे महिन्यात मिळाला तर त्यातून ६ लाख डॉलरच्या वर रक्कम रोखून धरली, कारण निवडणूक निधी मंडळाला सुपर पॅकशी संगनमताचा संशय आला. तीन टर्म राज्य चालवलेल्या माणसाला फॉर्म भरता येऊ नये! अनुभवाच्या नावावर मतं मागणाऱ्याचं असं हसं झालं की विरोधकाला वेगळं काही बोलावं लागत नाही.

आता पसंतीक्रमाचं मतदान. आपल्या वाचकाला हे अवघड जायला नको, कारण विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्याने मत दिलंय त्याने हे केलेलं आहे, तो जांभळ्या शाईचा पेन देतात आणि नावापुढे १, २, ३ असं लिहायचं असतं. न्यूयॉर्कच्या प्रायमरीत २०२१ पासून तेच, जास्तीत जास्त पाच नावांना पसंती द्यायची. पहिल्या पसंतीत कुणाला ५० टक्क्यांच्या वर मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची, ती मतं त्या त्या उमेदवाराला, असं करत करत शेवटी दोघं उरतात. ममदानीने हे समजावणारा एक हिंदी-उर्दू व्हिडिओ केला होता, रस्त्यावर उभं राहून लस्सीच्या ग्लासांमधून मतं कशी सरकतात ते दाखवत, मध्येमध्ये हिंदी सिनेमाचे तुकडे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तो फिरला नसता तरच नवल.

या पद्धतीत बदनाम नेत्याची मोठी पंचाईत होते. एरवीच्या निवडणुकीत आठ-दहा विरोधक असले की विरोधी मतं फुटतात आणि ज्याचं नाव घराघरात माहीत आहे तो ३५ टक्क्यांवर निवडून येतो. मतविभाजनाच्या जोरावर आमदार झालेले आपण काय कमी पाहिलेत? पसंतीक्रमात मात्र नुसते भक्त असून भागत नाही, ज्यांचा पहिला नंबर दुसऱ्याला आहे त्यांचा निदान तिसरा-चौथा तरी मिळावा लागतो. आणि ज्याचं नाव ऐकलं तरी निम्म्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात त्याला तो कोण देणार? विरोधकांनी तर मोहीमच काढली की पाच नावं कुठलीही लिहा, फक्त कुओमो लिहू नका. मतदानाच्या दहा-बारा दिवस आधी ममदानी आणि शहराचे कंट्रोलर, म्हणजे शहराच्या हिशेबावर लक्ष ठेवणारे, ब्रॅड लँडर, दोघं एकाच पदाचे उमेदवार, त्यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्यायचं आवाहन केलं. एक मुस्लिम, एक ज्यू, एकत्र फिरतायत, हसतायत. जूनमधल्या डिबेटमध्ये कुओमो ममदानीचं नाव चुकीचं उच्चारत होते तेव्हा त्याने एकेक अक्षर सांगून नावाचं स्पेलिंग करून दाखवलं, आणि वर सुनावलं की मला कधी बदनाम होऊन राजीनामा द्यावा लागलेला नाही. त्या क्लिपा किती फिरल्या असतील त्याची कल्पना करा.

२४ जूनला मतदान झालं. पहिल्या पसंतीत ममदानी साधारण ४३.५ टक्के, कुओमो ३६, लँडर ११. कुओमोंनी त्याच रात्री हार मानली. आठवड्याने पसंतीची मोजणी पूर्ण झाली तेव्हा ५६ विरुद्ध ४४ च्या आसपास. आणि मग वाऱ्याची दिशा बघून उड्या! हॉटेल कामगारांची युनियन, इमारत कर्मचाऱ्यांची युनियन, ज्या कालपर्यंत कुओमोंसोबत होत्या, त्या काही दिवसांत ममदानीकडे. आपण म्हणतो आयाराम-गयाराम आपल्याचकडे असतात.

पण गोष्ट संपली नाही, कारण न्यूयॉर्कमध्ये दुसरं दार असतं. तिथे एकच उमेदवार एकापेक्षा जास्त पार्ट्यांच्या ओळींवर मतपत्रिकेत येऊ शकतो आणि सगळ्या ओळींची मतं एकत्र धरतात, त्यामुळे छोट्या पार्ट्यांना भाव असतो. ममदानीचं नाव डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज अशा दोन ओळींवर होतं, आणि मतदानाच्या दिवशी इलॉन मस्क त्यालाच घोटाळा म्हणून ओरडले, रिपब्लिकन उमेदवाराचं नावही दोनदा होतं हे मात्र त्यांना दिसलं नाही. शिवाय सह्या गोळा करून स्वतःच्या पार्टीची स्वतंत्र ओळ काढता येते. कुओमोंनी प्रायमरीच्या आधीच ही सोय करून ठेवली होती, नाव फाइट अँड डिलिव्हर. जुलैच्या मध्यात जाहीर केलं की मी अपक्ष लढणार. आपल्या भाषेत सरळ बंडखोरी.

यात घराण्याचा इतिहास आहे. १९७७ मध्ये वडील मारिओ याच महापौरपदाच्या प्रायमरीत एड कॉच यांच्याकडून हरले आणि तरी लिबरल पार्टीच्या ओळीवर नोव्हेंबरात उभे राहिले, पुन्हा हरले, ४१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. एकोणीस वर्षांचा अँड्र्यू तेव्हा वडिलांच्या प्रचारात राबत होता. पाचच वर्षांनी मारिओंनी त्याच कॉचना गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पाडलं आणि गव्हर्नर झाले. त्यामुळे हरलो म्हणजे संपलो असं या घरात कुणी मानत नाही.

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पसंतीक्रम नसतो, एकच मत, ज्याला जास्त तो जिंकला. त्यामुळे इथे कुओमोंचं गणित उलटं झालं, आता ममदानीविरोधी मतं फुटायला नको होती ती त्यांना. अॅडम्स सप्टेंबरच्या शेवटी बाहेर पडले आणि नंतर कुओमोंच्या पाठीशी आले, पण रिपब्लिकन कर्टिस स्लिवा, लाल टोपीवाले, मांजरप्रेमी, काही केल्या माघार घेईनात. त्यांच्यावर दबाव आला, श्रीमंत लोकांनी विनवण्या केल्या, गडी हटला नाही. आणि आदल्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, ट्रम्प यांनीच कुओमोंना मत द्या म्हणून सांगितलं. डेमोक्रॅट घराण्यातला, ट्रम्पशी भांडून मोठा झालेला नेता, आणि शेवटी त्याच ट्रम्पचा पाठिंबा! रिपब्लिकन मतं त्याने थोडी आलीही असतील, पण डेमोक्रॅट शहरात हा पाठिंबा म्हणजे गळ्यात बांधलेला धोंडा. दुसरीकडे पार्टीचे मोठे लोकही काठावरच होते, होकुलबाईंनी सप्टेंबरमध्ये ममदानीला पाठिंबा दिला, संसदेच्या खालच्या सभागृहातले पार्टीचे नेते हकीम जेफ्रीज यांनी मतदान सुरू व्हायच्या तोंडावर, आणि सेनेटमधले नेते चक शूमर यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

४ नोव्हेंबरला वीस लाखांवर लोकांनी मतदान केलं, १९६९ नंतर एवढं कधी झालं नव्हतं. ममदानी ५१ च्या जवळ, कुओमो ४१ च्या आसपास, स्लिवा ७. म्हणजे स्लिवाची सगळीच्या सगळी मतं कुओमोंना दिली तरी भागत नव्हतं. बापाचे आणि मुलाचे आकडे तर इतके सारखे की बघत राहावं.

बरेच लोक म्हणतात की छळाच्या आरोपांनी कुओमोंना पाडलं. माझं मत जरा वेगळं आहे. ४१ टक्के लोकांनी ते सगळं माहीत असून मत दिलंच की. आरोप हे त्यांना पसंती न द्यायचं कारण ठरले, पण समोर घरभाडं गोठवतो, बस फुकट करतो असं रोजच्या खर्चाचं बोलणारा ममदानी नसता तर मला वाटतं लोकांनी नाक मुरडत का होईना त्यांनाच परत आणलं असतं. कुओमोंकडे स्वतःचं असं सांगायला भीतीशिवाय काही नव्हतं, शहर बुडतंय, तो पोरगा अननुभवी आहे, बस. पाठिंबा देणाऱ्यांची यादी लांब होती, पण त्या यादीतल्या एकाच्याही हातात तिकीट नव्हतं.

आता या सगळ्यातून एक वाद उरलाय. शहरात दहा लाखांवर मतदार कुठल्याच पार्टीत नोंदलेले नाहीत आणि खरा निकाल जिथे लागतो त्या प्रायमरीत त्यांना मतच नाही. प्रायमरी सगळ्यांना खुली करायचा प्रस्ताव २०२५ च्या उन्हाळ्यात शहराच्या चार्टर कमिशनपुढे, म्हणजे शहराच्या मूळ नियमावलीत बदल सुचवणाऱ्या समितीपुढे, होता, पण एकमत होईना म्हणून त्यांनी तो नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर घेतलाच नाही. खुली प्रायमरी असती तर कुओमोंसारख्याला बाहेरची मध्यममार्गी मतं मिळाली असती असं एक गट म्हणतो, दुसरा म्हणतो की मग ज्यांचा पार्टीशी संबंध नाही ते पार्टीचा उमेदवार का ठरवणार. सध्या तरी नियम जुनाच आहे, पार्टी बदलायची तर व्हॅलेंटाइन डेच्या आत फॉर्म भरा.